सोवळ्यातलं बटण

आमचे हे बुलढाण्याकडच्या धाड गावच्या राममंदिराचे पुजारी. शिवाय आसपासच्या खेड्यांतल्या सत्यनारायणाच्या पूजा, वास्तुशांती, लग्नं, सगळं यांच्याकडेच. गावात लहानथोर सगळे यांना महाराज म्हणतात. शुगर यांना बरीच वर्षं आहे. गोळ्याही चालू होत्या, पण गोळ्यांचं आणि पुजाऱ्याच्या पोटाचं कधी जमत नाही. पूजा होईपर्यंत पोटात काही नाही, आणि पूजा झाली की पानावर पुरणपोळी, तिच्यावर तूप, आणि समोर हात जोडून उभी घरची बाई, "महाराज, माह्या हातची एक तरी घ्याच." तिला नाही म्हटलं तर ती दोन वर्षं लक्षात ठेवते.

गेल्या आषाढात हे एका खेड्यातली वास्तुशांती आटोपून मोटारसायकलवर परत येत होते. सकाळी गोळी घेतलेली, पूजा लांबलेली, आणि देवळातली संध्याकाळची आरती चुकायला नको म्हणून न जेवताच निघालेले. वाटेत हातपाय कापायला लागले, दरदरून घाम फुटला. गाडी कशीबशी कडेला घेऊन हे बाभळीखाली बसून राहिले. मागून येणाऱ्या जीपवाल्याला वाटलं, महाराज पिऊन पडलेत. त्यानेच नंतर कान धरून मला हे सांगितलं. पण जीप त्याने थांबवली. आत बसलेल्या एका बाईच्या पिशवीत आठवडी बाजारातून घेतलेली जिलेबी होती. तिने पुडा सोडून ती यांना खाऊ घातली आणि थोड्या वेळात माणूस ताळ्यावर आला.

आमची मुलगी पुण्याला एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. हे कळल्यावर ती पुढच्याच शनिवारी घरी आली.  पिशवीतून एक खोकं काढलं, त्यातून शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी पांढरी चकती काढली.

"बाबा, हे दंडाला लावायचं. आत केसासारखी बारीक तार असते. शुगर किती आहे ते फोनवर दिसत राहतं. फार उतरली की फोन वाजतो."

"आंघोळीच्या वेळी काढायचं?"

"नाही. पंधरा दिवस तसंच राहू द्यायचं."

"सोवळ्यातही?"

"सोवळ्यातही."

यांनी चकती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हे चिकटतं कशानं? सरस नाही ना यात? जनावराचं काही असेल तर गाभाऱ्यात नको."

मुलीने खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून जिथून ते घेतलं होतं तिथे फोन लावला. तसलं काही नाही, असं तिकडून कळलं. तरी हे उठले आणि देवळात गेले. आरती करून परत आले तेव्हा यांचं ठरलेलं होतं. म्हणाले, "खालचे दोन दात बसवलेले आहेत. चष्म्याशिवाय पोथी दिसत नाही. रामाने आजवर कशालाच हरकत घेतलेली नाही. लाव."

यांचा फोन साधा, नुसता बोलायचा. म्हणून ते सगळं माझ्या फोनवर घातलं. आणि फोन जवळपास असल्याशिवाय त्या चकतीचं काही कळत नसे, म्हणून मला प्रत्येक पूजेला यांच्याबरोबर जाणं भाग पडलं. आकडे तिकडे पुण्यात मुलीलाही दिसत. हे जेवण करून हात धुतात न धुतात तोच माझा फोन वाजायचा, "आई, बाबांनी आत्ता काय खाल्लं?" हे खुणेने मला सांगायचे, अर्धीच पोळी म्हण. मी अर्धीच म्हणायचे. ती म्हणायची, "आई, मला इथे दिसतंय."

श्रावणात आमच्याच गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी सत्यनारायण होता. गावाच्या टोकाला त्याने नवं घर बांधलेलं. माणूस चाळिशीचा, अंगाने भरलेला, बोलायला मोकळा. घरी बायको, मुलं आणि म्हातारी आई. त्या आईला मी मावशी म्हणते. हे सोवळं नेसून, उघड्या अंगावर उपरणं घेऊन बसले आणि उपरणं सरकलं की दंडावरची चकती सगळ्यांना दिसत होती. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, पण पूजेत विचारणार कोण?

कथेचा दुसरा अध्याय चालू असताना माझ्या पिशवीतला फोन किंचाळायला लागला. साधी घंटी नव्हती ती, आगीच्या बंबासारखा आवाज. सगळ्या माना वळल्या.

"फोन बंद करा ना वो काकू," मागून कोणीतरी म्हणालं.

मी पाहिलं. आकडा खाली आलेला आणि शेजारचा बाणही खालीच तोंड करून. मी यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम आलेला होता, पण वाचणं चालू होतं. मी उठून जवळ गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, थांबा. काहीतरी खाऊन घ्या."

यांनी मान हलवली आणि पुढची ओळ सुरू केली. मी तशीच उभी. पूजेत पुजाऱ्याच्या बायकोने असं उभं राहणं कोणालाच बरं दिसत नव्हतं, मलाही नाही. तेवढ्यात मावशी भिंतीला धरून उठल्या.

"महाराज, आधी पोटात काहीतरी घाला. देव काही पळून नाही जाऊन राह्यला."

"मावशी, नैवेद्य व्हायचा आहे अजून."

"नैवेद्यातलं कोण देऊन राह्यलं तुमाले? माह्या डब्यातली साखर हाय."

त्या स्वयंपाकघरातून पेल्यात साखरपाणी ढवळतच आल्या. यांनी पोथी मिटली, देवाला नमस्कार केला, पाटावरून उठून ओसरीवर गेले आणि तिथे बसून ते प्यायले. मुलीने बोट टोचून पाहायचं साधं मशीनही दिलेलं होतं. फोनवर आलेला आकडा खरा की खोटा, हे त्यावर ताडून बघायचं. मी यांचं बोट टोचलं. खरोखरच शुगर उतरलेली होती. पुन्हा चढेपर्यंत थांबणं आलं.

तो पाव तास मी विसरणार नाही. सगळी मंडळी ओसरीवर जमली. आतापर्यंत कोपरानं ढोसणाऱ्या बायकांनी सरळ विचारायला सुरुवात केली. हे काय लावलं दंडाले? दुखते का? आंघोळीत पाणी जात नाही का आत? यांनीही भिंतीला टेकून सगळं सांगितलं, जिलेबीपासून. जीपवाल्याला काय वाटलं तेसुद्धा सांगितलं आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, माझ्या सासूलाही गोळी आहे, पण चतुर्थीला ती घोटभर चहासुद्धा घेत नाही. दुसरी म्हणाली, आमच्याकडे तर गोळीच बंद करतात उपासाला.

घरधनी पूजेला बसलेला, म्हणून त्याचाही उपास होता. तो हसत पुढे आला आणि बोट माझ्यासमोर धरलं. "काकू, माह्यंबी पाह्या. मी तं सकाळपासून पाण्याशिवाय कशाले हात नाही लावला."

मी टोचलं. मशीनवर जो आकडा आला तो पाहून मला वाटलं, काहीतरी बिघडलं. त्याला हात साबणाने धुवून यायला सांगितलं आणि दुसऱ्या बोटावर पाहिलं. पुन्हा तेच.

"किती आलं?"

"जरा जास्त आहे," मी हळूच म्हणाले.

त्याने माझ्या हातातलं मशीन घेतलं, यांचा आकडा विचारला आणि दोन्ही मनात धरून पाहिले. "म्हणजे महाराजाईले बिमारी हाय अन् मले त्याहून जास्त?" कोणीतरी हसलं. तो हसला नाही.

पूजा पुढे यथासांग झाली. निघताना यांनी त्याला दारात बाजूला घेतलं. "बुलढाण्याला जाऊन दाखवून ये. उशीर करू नको. आणि पायांकडे लक्ष ठेव, रोज संध्याकाळी तळवे बघत जा. शुगर वाढली की पायाला लागलेलं कळत नाही."

"हाव," तो म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं.

गावात दुसऱ्या दिवशीच बोभाटा झाला. हा पूजेला बसला आणि बिमारी घेऊन उठला, म्हणून चहाच्या टपरीवर त्याची चेष्टा सुरू झाली. शनिवारी देवळात यायचा, ते त्याने बंद केलं. एकदा बाजारात पेरूच्या ढिगापाशी मला तो भेटला. मी हसले. तो हसला नाही.

"काकू, मले काहीच होत नव्हतं. मस्त चालू होतं माह्यं. तुमी बोट टोचलं अन् तवापासून घरात मले कोणी पोटभर जेवू देत नाही. काऊन टोचलं तुमी?"

बोट त्यानेच पुढे केलं होतं. एवढा धिप्पाड माणूस, पण बोलताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "दवाखान्यात गेलास का?" एवढंच विचारलं. त्याने पेरू पिशवीत न घालताच हातात घेतले आणि निघून गेला.

यांची चकती पंधरा दिवसांनी गळून पडली. मुलीने आणखी एक पाठवली, तीही संपली. तोवर बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सगळे आकडे पाहून गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि पूजेच्या दिवशी काय करायचं ते ठरवून दिलं. हे आता पाटावर बसायच्या आधी कपभर दूध घेतात. उपासाला दूध चालतंच.

पण एवढ्यावर यांचं भागेना. त्या ओसरीवरच्या बायकांचं बोलणं यांच्या डोक्यातून जात नव्हतं. आमच्या देवळाचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर एरवी सकाळी फुलांची चित्रं आणि संध्याकाळी आरतीची वेळ, एवढंच. एकादशीच्या आदल्या दिवशी यांनी माझा फोन मागितला आणि तोंडाजवळ धरून, मंत्र म्हणतात त्याच आवाजात बोलले, "जय श्रीराम. उद्या एकादशी आहे. ज्यांना शुगरची किंवा बीपीची गोळी आहे त्यांनी निरंकार उपास धरू नये. गोळी बंद करू नये. डॉक्टरांना विचारून फळ, दूध घ्यावं. त्याने उपास मोडत नाही, हे मी सांगतो आहे."

संध्याकाळी मंदिराच्या समितीतले एक सर आले. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, हिशेबाला चोख, देवळाचा जीर्णोद्धार त्यांनीच उभा केलेला. ते रागावलेले होते.

"महाराज, देवळाच्या ग्रुपवर देवाचं असावं. गोळ्यांचं सांगायला सरकारी दवाखाना आहे."

"सर, उपास करा म्हणून मीच सांगतो. त्या उपासात चक्कर येऊन कोणी पडलं, तर तो दोषही माझ्याकडे यायला नको का?"

"लोकांना वाटेल महाराज स्वतः उपास करत नाहीत म्हणून दुसऱ्यांनाही नको म्हणतात."

"वाटू द्या."

सर चहा न घेता गेले. पण एकादशीला सकाळी पाच-सहा बायका गोळ्यांची पाकिटं घेऊन देवळात आल्या. महाराज, ही चालते का, ही कधी घ्यायची? यांना त्यातलं काय कळणार? यांनी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना विनंती केली, तेव्हापासून त्या बाजाराच्या दिवशी सभामंडपात तासभर बसतात. हे त्यांच्या शेजारी बसतात. सिस्टरने सांगितलेलं एखादीने ऐकलं नाही, तर ती यांच्याकडे बघते, आणि हे नुसती मान डोलावतात.

दिवाळी झाली. सोयाबीन निघून शेतात नुसती कापलेल्या ताटांची टोकदार धसकटं उरलेली. एका दुपारी मावशी एकट्याच आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी बसा म्हटलं तर बसेनात.

"बाई, त्याच्या पायातून रगत येऊन राह्यलं अन् त्याले माहीतच नाही. घरभर डाग पडले. मी म्हणलं हे काय, तं म्हणते कुठं काय? सोयाबीनचं धसकट घुसलं असन परवा, चपलेतून. दवाखान्यात चल म्हणलं तं आयकत नाही. महाराजाईचं आयकन तो."

हे जेवायला बसले होते, ते ताट तसंच ठेवून उठले. मीही मोटारसायकलवर मागे बसून गेले. तो ओसरीवरच होता. यांना पाहून उठायला लागला, तर यांनी त्याला खाली बसवलं, समोर उकिडवे बसले आणि त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला.

त्याने झटक्यात पाय ओढला. "महाराज, पाय काऊन धरता माह्या! पाप लागन मले."

"पापाचं मी पाहून घेतो. मला आधी बोट बघू दे."

अंगठ्याशेजारचं बोट काळं-निळं पडलेलं होतं आणि वास येत होता. यांनी त्या बोटाला हलकेच दाबलं. "दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही, महाराज." मग त्याचा आवाज बदलला. "काऊन नाही दुखून राह्यलं हो?"

यांनी पाय खाली ठेवला. मावशी दाराला धरून उभ्या होत्या, त्यांना म्हणाले, "जीप बोलवा." जीप आली तशी हे आणि तो, दोघं बुलढाण्याला गेले. सोवळं-ओवळं पाळणारा माझा नवरा त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून पाव आणि चहा घेऊन राहिला.

अंगठा वाचला. शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं. हे त्याला नीट कळलं की नाही कोण जाणे. दवाखान्यात तो बरेच दिवस होता, आणि त्या काळात आमची मुलगी रोज संध्याकाळी त्याच्या बायकोला फोनवर दिसत असे. घरातले डबे एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि मुलीने सांगायचं, हे घालायचं, हे नाही. "ताई, ज्वारीची भाकर तं चालन ना?" असं ती विचारायची आणि मुलगी म्हणायची, "चालेल, पण किती ते दाखवा आधी."

तो घरी आला. महिनाभराने बाहेर फिरायला लागला. रोज सकाळी देवळासमोरच्या रस्त्यावर येऊन उभा राहायचा, तिथूनच हात जोडायचा आणि जायचा. यांच्या ते लक्षात आलं. एक दिवस हे पायऱ्या उतरून खाली गेले.

"आत का येत नाहीस? अजून राग आहे का?"

"राग कायचा, महाराज." तो खाली बघत होता. "डॉक्टरनं सांगितलं, घरातसुदीक अनवाणी पाय टाकायचा नाही. अन् चप्पल घालून रामापुढं कसा येऊ मी?"

हे घरी आले ते तेच डोक्यात घेऊन. आमच्या देवळाची फरशी दुपारी तापली की भल्याभल्यांचे पाय उचलत नाहीत, आणि ज्याला चटका कळतच नाही त्याचं काय होणार? त्यानंतर मलकापूरला एक लग्न लावायला गेले होते, तिथल्या बाजारातून यांनी जाड तळव्याचे पांढरे कापडी बूट आणले. नवे कोरे. घरात न आणता थेट देवळात नेऊन ठेवले, म्हणजे ते रस्त्याला लागलेच नाहीत.

समितीच्या बैठकीत सर चिडले. "आज कापडी बूट, उद्या चामडी. मग देऊळ आणि बसस्टँड यात फरक काय?"

"सर, हा माणूस रस्त्यात उभा राहून दर्शन घेतो. मला ते बघवत नाही."

"आपल्या बापजाद्यांनी कधी—"

"त्यांना हे माहीत नव्हतं, सर. आपल्याला माहीत आहे."

बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी सरांनीच वाट काढली, जरा घुश्शातच. बूट कापडीच हवेत, देवळातच राहतील, सभामंडपापर्यंतच चालतील, गाभाऱ्याच्या उंबऱ्याला लागणार नाहीत. आणि पायरीवर बाक ठेवा, उभ्याने घालायला गेला तर पडेल. बाकाचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तो आईला घेऊन आला, त्या सकाळी आरतीला बरीच माणसं होती. बाकावर बसून त्याने बूट चढवले. एक बोट गेल्यामुळे चाल थोडी तिरकी झाली आहे. तो खांबाला हात लावत लावत पुढे आला. एक बाई दुसरीच्या कानाशी काहीतरी म्हणाली. मावशींनी तिच्याकडे वळून असं पाहिलं की ती गप्प झाली. उंबऱ्याच्या अलीकडे तो उभा राहिला, हात जोडले, आणि डोळे मिटून इतका वेळ तसाच राहिला की हे आरतीचं ताट घेऊन थांबून राहिले. सर मागे उभे होते.  त्यांना ते आवडलं असं मी म्हणणार नाही. पण बाक हलतो म्हणून त्यांनी सुताराला बोलावून पाचर मारून घेतली.

तो आता गोळ्या घेतो. जेवणावरून घरात अजून कुरकुर करतो आणि मुलीच्या फोनला फार घाबरतो. यांच्याशी पूर्वीसारखा मोकळा बोलतो, माझ्याशी जरा जपून.

रामनवमी येईपर्यंत अशाच आणखी काही जणांसाठी मिळून देवळाच्या फळीवर बुटांचे चार-पाच जोड झाले होते. दर शुक्रवारी मी ते साबणाने धुऊन देवळाच्याच गच्चीवर वाळत घालते. परवा, बाजाराच्या दिवशी, एक बाई पायरीवर थांबली. हिला मी ओळखते, ती कापूस वेचायला जाते. तिच्या पायाला जखम वगैरे काही नाही, नुसती तळव्यांची आग होते म्हणाली. सिस्टरने मागेच शुगर तपासून घ्यायला सांगितलं होतं, पण ती अजून गेलेली नव्हती.

"काकू, माह्या मापाचे हायेत का तुमच्याकडं?"

मी आत जाऊन यांना सांगितलं. हे समईत तेल घालत होते.

"तिला आधी सिस्टरकडे बसव," हे म्हणाले, "आणि पायाचा नंबर विचारून ठेव."